हिशोब लिहिणारीला बोल लागू नये म्हणून

आम्ही माण आणि आटपाडीच्या शिवेवरच्या गावांतल्या दोन प्रभागसंघांतून बोलतोय. अलीकडं सातारा, पलीकडं सांगली. जिल्हे दोन असले तरी पाण्याची वाट आपण सारखीच पाहिली आहे आणि गटाच्या वह्याही सारख्याच लिहिल्या आहेत.

त्या वह्यांचंच आज बोलायचं आहे. कारण वह्या आता मोबाईलमध्ये चालल्या आहेत. उमेद अभियानात गटांच्या नोंदी लोकोस ॲपवर जातात. बँकेचं ॲप वेगळं. चटणी, मसाला, हळद विकायची ॲपं आणखी वेगळी. वहीत बेरीज चुकली तर आपण बोट ठेवून दाखवतो, इथं हातचा राहिला म्हणून. ॲपमध्ये बोट कुठं ठेवणार? ॲपचा आकडा आणि पेटीतले पैसे जुळले नाहीत की बैठकीत सगळ्यांची नजर एकाच बाईकडं जाते. जी हिशोब लिहिते तिच्याकडं.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीनं गटांसाठी ॲप बनवलं. बचत, अंतर्गत कर्ज आणि मालाची विक्री असं तिन्ही त्यात होतं. गावागावांत देण्याआधी ते कुणीतरी वापरून बघायला हवं होतं. आम्ही दोन प्रभागसंघांतून नऊ जणी तयार झालो. त्यात ग्रामसंघाच्या लिपिका होत्या, दोन सीआरपी होत्या, आणि एक मावशी अशी होती की तिला फोन उचलणं आणि ठेवणं एवढंच येत होतं. तिला आम्ही मुद्दाम घेतलं. जिला सगळं येतं तिच्या हातून ॲप अडत नाही, मावशीच्या हातून पहिल्या पाच मिनिटांत अडलं.

या कामाला टेस्टिंग म्हणतात. आपल्या भागातल्या कितीतरी मुली आज पुण्यात हिंजवडीला, खराडीला हेच काम करतात. कुणी रयतच्या शाळेत शिकलेली, कुणी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालेली. घरी विचारलं तर सांगतात, कंपनीत आहे. काय करते म्हटलं तर आई म्हणते, कॉम्प्युटरवर काहीतरी. तर मैत्रिणींनो, त्यातल्या पुष्कळजणी दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधतात, आणि ते कष्टाचं काम आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, ॲपची होत नाही. भात एका पातेल्यात एकाच आचेवर शिजतो. ॲपमध्ये मात्र बचतीचं बटण बरोबर चालेल आणि कर्जाचं चुकेल. नव्या फोनवर चालेल आणि जुन्यावर बंद पडेल. जानेवारीत चालेल आणि फेब्रुवारीत महिना अठ्ठावीस दिवसांचा आला की गडबडेल. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी तपासावी लागते. तपासायच्या आधी लिहून ठेवावं लागतं की आम्ही काय करणार आणि उत्तर काय यायला पाहिजे. हे दुसरं फार महत्त्वाचं. उत्तर आधी लिहिलं नाही तर पडद्यावर जे येतं तेच बरोबर वाटायला लागतं.

कर्जाचं उदाहरण घ्या. गटातून १०,००० रुपये उचलले. व्याज महिन्याला २ टक्के, आणि दर महिन्याला मुद्दल १,००० फेडायचं. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला २००, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं उतरत दहाव्या महिन्याला २० रुपये. सगळं मिळून व्याज १,१००. पण ॲपनं दर महिन्याला पूर्ण १०,००० वरच व्याज धरलं तर होतात २,०००. फरक ९०० रुपयांचा. पडद्यावर दोन्ही आकडे सारखेच सुबक दिसतात. आम्ही आधी पाटीवर १,१०० काढले होते म्हणून पकडता आलं. आपल्या गटाच्या ठरावात व्याज कसं धरायचं लिहिलं आहे तेच ॲपनं करायला हवं.

दुसरी चूक मात्र जिव्हाला लागली. आमच्यातल्या एका लिपिकेनं ॲप आपल्या खऱ्या गटाच्या बैठकीतही, वहीच्या जोडीनं, चालवून बघितलं. एका बाईनं हप्ता दिला, मुद्दल १,००० आणि व्याज २००, असे १,२००. बैठक देवळाच्या मागं होती, तिथं रेंज येते आणि जाते. हिनं ‘जमा’ दाबलं, चक्र फिरत राहिलं, काही होईना म्हणून पुन्हा दाबलं. घरी गेल्यावर ॲप दाखवतंय की पेटीत १,२०० रुपये जास्त पाहिजेत. वही बरोबर होती. पण दुसऱ्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं होतं, की पैसे कमी पडले म्हणे. ही बाई शेळीचे पैसे घालून १,२०० भरायला निघाली होती! आम्ही तिला थांबवलं. म्हटलं, तू भरलेस तर तू घेतलेस असाच अर्थ निघेल, आणि ॲपमधली चूक तशीच राहील.

आम्ही फोन केला. कंपनीत चाचणीवाली चार माणसं होती, त्यात तासगावकडची एक मुलगी होती, तिच्यामुळं बोलणं सोपं झालं. ती म्हणाली, ताई, ही तक्रार तुम्ही आधी कळवली होती का? दुसऱ्या गावातल्या वहिनीनं तीन आठवड्यांपूर्वी व्हॉट्सॲपवर टाकली होती. पण त्या ग्रुपवर तोवर हळदी-कुंकवाचे फोटो, दोन वाढदिवस आणि एक दुःखद निधन येऊन गेलं होतं. तक्रार वर कुठंतरी गाडली गेली. पुण्याच्या टीमची स्वतःची एक एक्सेलची फाइल होती, ती चौघांकडं चार तऱ्हेची. कुणाच्या फाइलमध्ये ही चूक ‘दुरुस्त’ होती, कुणाच्यात नव्हतीच.

त्यानंतर त्या टीमनं ठरवलं की चाचण्यांची एकच नोंदवही ठेवायची, इंटरनेटवर, आणि आम्हालाही ती उघडून द्यायची. अशा नोंदवहीला ते लोक टेस्ट मॅनेजमेंट टूल म्हणतात. बाजारात बरीच आहेत. टेस्टरेल नावाचं आहे, त्याचे माणशी पैसे पडतात. टेस्टलिंक फुकट आहे, पण ते चालवायला स्वतःचा सर्व्हर आणि सांभाळणारं माणूस लागतं. मुंबईत २०११ साली सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी तर आधी याच कामासाठी जगभर नावाजली, की तुमच्याकडं जो फोन नाही त्या फोनवर तुमचं ॲप कसं चालतं ते बसल्या जागी बघता यावं. आता तिचीही अशी नोंदवही आहे. कुठली घेतली याला आमच्या लेखी फार किंमत नाही. सगळ्यांनी एकाच जागी लिहिणं, याला आहे.

हे सगळं ‘क्लाउड’वर असतं म्हणतात. मावशीनं लगेच वर बघितलं. ढगात काही नसतं. आपली नोंद दुसऱ्याच्या मोठ्या संगणकांत ठेवलेली असते, आणि ते संगणक जमिनीवर, पक्क्या इमारतीत, रात्रंदिवस गार करून ठेवलेले असतात. मायक्रोसॉफ्टचं असं एक केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत. वखारीत हळद ठेवतो आणि पावती घरी आणतो, तसं समजा. पोती तिथं, हक्क आपला. पण वखार कुणाची, भाडं किती आणि पावती कुणाच्या नावावर हे विचारायचंच. आम्हीही विचारलं. शिवाय एक अट घातली, की चाचणीसाठी कुठल्याही खऱ्या बाईचं नाव, आधार नंबर, खाते नंबर त्यात जाणार नाही. आपल्या माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे, पण कायद्याच्या आधी आपली अक्कल. म्हणून आम्ही दहा बायकांचा एक खोटा गट तयार केला. त्यातल्या सात नंबरच्या सदस्याला कधीच वेळेवर हप्ता भरू द्यायचा नाही असं ठरवलं. एक सदस्य मधेच गट सोडते. दोघींचं नाव, आडनाव एकच. आता या दहा जणी आम्हाला इतक्या माहितीच्या झाल्या आहेत की सात नंबरनं एकदा वेळेवर पैसे भरले तर आम्हाला चुकल्यासारखं होईल.

आता त्या १,२०० रुपयांची नोंद कशी लिहिली ते सांगतो. पायऱ्या अशा. फोनचा डेटा बंद करा. सात नंबरचं कर्ज उघडा. १,२०० लिहा. ‘जमा’ दाबा. पुन्हा दाबा. डेटा चालू करा. अपेक्षित, १,२०० एकदाच जमा. प्रत्यक्षात, दोनदा. निकाल नापास. खाली फोनचं मॉडेल, तारीख, वेळ आणि पडद्याचा फोटो. नुसतं ‘ॲप चुकतंय’ म्हटलं की समोरचा म्हणतो, आमच्याकडं तर नीट चालतंय. हे लिहिल्यावर पुण्याच्या मुलीनं त्याच पायऱ्या केल्या आणि तिच्या फोनवरही दोनदा जमा झाले. त्यापुढं वाद उरला नाही.

दुरुस्ती झाली. नव्या फोनवर पास, जुन्या फोनवर परत नापास. पुन्हा दुरुस्ती, तेव्हा दोन्हीकडं पास. आणि मग बचतीची पावती यायची बंद झाली! ब्लाऊजचा खांदा आत घेतला की मुंढा काचतो, तसंच हे. म्हणून दर दुरुस्तीनंतर जुन्या, पास झालेल्या चाचण्याही परत कराव्या लागतात. डोक्यात ठेवून हे होत नाही. वहीला माहीत असतं की मागच्या खेपेला काय काय तपासलं होतं.

तुम्ही म्हणाल, १,२०० रुपयांसाठी एवढं? म्हणून इंग्लंडची गोष्ट सांगतो, ती खरी आहे आणि कोर्टातली आहे. तिथं लहान गावांतली पोस्टं माणसं दुकानासारखी चालवतात. १९९९ पासून त्यांना हिशोबासाठी होरायझन नावाची संगणक प्रणाली दिली, फुजित्सु कंपनीची. संगणक म्हणायचा पैसे कमी आहेत. पोस्टाचे वरचे लोक म्हणायचे, संगणक चुकत नाही, तुम्ही चोरले. कित्येकांनी घरातले पैसे घालून भरपाई केली. २०१५ पर्यंत नऊशेच्या वर लोकांना दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा ही आपल्या भारतातून गेलेली बाई तिथं पोस्ट चालवायची. २०१० साली पोटात मूल असताना तिला तुरुंगात पाठवलं. तिच्यावरचा डाग पुसायला २०२१ साल उजाडलं.

आणि चुका काय होत्या? त्यातली एक ऐका. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावात २०१५ साली ८,००० पौंडांची रक्कम जमा करताना पडदा अडकला. बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. तीच रक्कम चार वेळा जमा दाखवली, आणि हिशोबात २४,००० पौंडांची तूट दिसायला लागली. आमच्या देवळामागं झालं ते याच जातीचं. लोक कोर्टात गेले, ५५५ जण एकत्र. तेव्हा कंपनीकडं आधीपासून असलेल्या चुकांच्या नोंदी बाहेर आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की प्रणालीत दोष होते आणि त्यामुळं हिशोबात फरक पडू शकत होता. नोंदी होत्या, पण ज्यांच्यावर आळ आला त्यांना त्या बघायला मिळत नव्हत्या. आम्ही नोंदवही आम्हालाही उघडून द्या असा हट्ट धरला त्याचं कारण हेच. कंपनीच्या कपाटातली चुकांची वही आपल्या काय कामाची?

अडचणी आल्याच. माणशी पैसे पडतात म्हणून आधी आम्हाला नऊ जणींत मिळून एकच लॉगिन दिलं. आम्ही ते घेतलं नाही. त्या वहीत कुणी, कधी, काय बदललं हे आपोआप लिहिलं जातं, तो तिचा खरा गुण. नऊ जणी एकाच नावानं लिहायला लागल्या की तो गुण गेला. शेवटी चार लॉगिन मिळाली, दोन साताऱ्याकडं, दोन सांगलीकडं, आणि बाकीच्या कागदावर लिहून त्या चौघींकडं देतात. कागदाची लाज बाळगायची नाही. रेंज नसलेल्या गावात कागदच पहिला.

बटणं सगळी इंग्रजीत आहेत. आम्ही चार शब्द कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावले. पास, नापास, पुन्हा तपासा, आणि अडलं. ‘नापास’ आणि ‘अडलं’ यातला फरक समजून घ्यायला आम्ही चांगला तासभर घालवला. चाचणी करून उत्तर चुकलं तर नापास. लाईट गेली, रेंज नव्हती, चाचणी झालीच नाही, तर अडलं. दोन्ही एकत्र केलं तर ॲपचा दोष आणि महावितरणची कृपा यात भेद राहत नाही.

पुण्याच्या टीमलाही सोपं गेलं नाही. जुन्या एक्सेलमधल्या साडेतीनशे ओळी तशाच नव्या वहीत ओतायच्या होत्या. तासगावच्या मुलीनं आधी चाळल्या. निम्म्या अशा पडद्यांच्या होत्या, जे ॲपमधून कधीच काढून टाकले होते. दिवाळीला घर बदलताना आपण फुटक्या बरण्या बरोबर नेत नाही. तिनं लागतील तेवढ्याच नेल्या, आणि आमच्या कर्जाच्या चाचण्या सगळ्यात वर ठेवल्या, कारण जिथं पैसा तिथं आधी तपासणी.

आणि एक बोलायचं राहिलं तर आम्हालाच बरं वाटणार नाही. मेहनतान्याचं. सुरुवातीला कुणी काही म्हणालं नव्हतं. ताई वापरून बघतील, त्यांचाच फायदा आहे, असा एकूण सूर. खुरपणीला गेलं तरी हजेरी मिळते. पुण्यात चुका शोधणाऱ्याला पगार असतो, मग माणच्या बाईनं शोधलेली चूक फुकट कशी? नोंदवहीचा इथंही उपयोग झाला. कुणी किती चाचण्या केल्या, किती चुका पकडल्या, सगळं नावानिशी समोर होतं. सर्वात जास्त चुका मावशीच्या नावावर होत्या. आता प्रत्येक बैठकीचे ३०० रुपये आणि फोनचा रिचार्ज मिळतो. जास्त मागायला हवे होते असं काहीजणींचं मत आहे, आणि ते चूक नाही.

तुमच्या गटाकडं असली ऑनलाइन नोंदवही नसेल. शंभर पानी वही आहे ना? तिच्यावर ‘ॲपच्या चुका’ लिहा आणि गटाच्या दप्तरात ठेवा. तारीख, कुणाचा फोन, काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, कुणाला कळवलं आणि त्यांनी काय सांगितलं. पडद्याचा फोटो घेता आला तर घ्या. बैठकीत इतर ठरावांसारखंच ते वाचून दाखवा आणि सह्या घ्या. ॲप कितीही चांगलं असलं तरी पहिले सहा महिने कागदाची वही बंद करू नका, कुणी कितीही घाई केली तरी. आणि पेटी जुळली नाही तर हिशोब लिहिणारीला काही विचारण्याआधी ही वही उघडा. ॲप द्यायला कुणी साहेब आले तर त्यांना विचारा, चूक सापडली तर ती लिहायची कुठं, आणि ती आम्हाला दिसेल का? उत्तर ‘मला फोन करा’ असं असेल तर त्यांच्यासमोरच वहीत लिहा, की फोन करा म्हणाले.

त्या लिपिकेचं काय झालं ते विचाराल. पुढच्या बैठकीत आम्ही नोंदवहीचं पान छापून नेलं, नापास, नापास, पास असे तिन्ही निकाल तारखांसह. गटाच्या अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं. ज्या दोघी जास्त बोलत होत्या त्या गप्प बसून ऐकत होत्या. शेळी अजून तिच्याच दावणीला आहे.

आज आमच्या वहीत अकरा नोंदी उघड्या आहेत. त्यातली एक सुनीता आणि सुनिता यांना ॲप दोन बायका समजतं ही, आणि एक मराठी आकडे लिहिले की बेरीज शून्य येते ही. मार्चअखेरच्या आधी या दोन झाल्याच पाहिजेत असं आम्ही कळवलं आहे. येत्या गुरुवारी अकरा वाजता प्रभागसंघाच्या कार्यालयात पुढची फेरी आहे. आम्हाला जुने फोन हवेत. काच तडकलेला असला तरी चालेल, मेमरी भरलेला असेल तर फारच उत्तम. घेऊन या, आणि येताना चार्जर विसरू नका.